मोटारीला जो न्याय, तोच घरातल्या एसीला



आडसालीच्या लावणी उरकत आल्यात आणि आता सगळ्यांचं लक्ष नदीकडं लागलंय. सकाळी उठलं की आधी राजाराम बंधाऱ्याची पातळी बघायची, मग आयर्विन पुलाची, मगच चहा. शिरोळ तालुक्यात राहायचं म्हटल्यावर हे चुकत नाही. कृष्णा आणि पंचगंगा दोन्ही आपल्याच दारात येऊन भेटतात. आज पिकावर लिहीत नाही, घरातल्या यंत्रांवर लिहितो. विषय मात्र पुराचाच आहे.

म्हणणं आधीच सांगून टाकतो. पुराच्या पाण्यात बुडालेला किंवा पुराच्या ओलीत महिनाभर बंद राहिलेला एसी जाणकार माणसाकडून उघडून, धुऊन, वाळवून घेतल्याशिवाय चालू करू नये. कूलर आणि गिझरचंही तेच. या कामाला पैसे द्यायला मागंपुढं बघू नये. पण धुण्याच्या नावाखाली नुसता 'गॅस भरून' जाणाऱ्याला एक रुपयासुद्धा देऊ नये.

काही जण म्हणतील, "शेतकऱ्याच्या पेजवर एसीचं काय काढलंय?" तर गावात एक चक्कर मारून या. दहा वर्षांपूर्वी एसी फक्त डॉक्टरच्या दवाखान्यात होता. आता ऊस बिलातून, पोराच्या लग्नात, कुणी म्हाताऱ्या आई-वडिलांसाठी घेतलाय. गल्लीगल्लीत भिंतीवर ते पांढरं खोकं लटकलेलं दिसतं. बहुतेकांनी बाहेरचं युनिट जमिनीपासून हातभर उंचीवर ठेवलंय, कारण बसवणाऱ्याला तेच सोपं पडलं. २०१९ ला राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं, २०२१ ला ५६ च्या वर. तिथली धोक्याची पातळी ४३ फूट. आयर्विनला धोका ४५ फुटाला आहे आणि २०१९ ला तिथं ५७ च्या वर पाणी होतं. अशा भागात हातभर उंचीला काय अर्थ आहे ते तुम्हीच ठरवा.

आता मला एक सांगा. नदीवरची मोटर पुरात बुडाली तर पाणी उतरल्यावर आपण थेट स्टार्टर दाबतो का? शेंबडं पोरगंसुद्धा दाबणार नाही. मोटर काढायची, वायंडिंगवाल्याकडं न्यायची, उघडायची, गाळ धुवायचा, वाळवायची, मेगर लावून बघायची. वायंडिंग गेलं असेल तर नवीन भरायचं आणि मगच जोडायची. हे आपल्याला कुणी शिकवलं नाही, पिढ्यान् पिढ्या बघत आलोय. मग घरातल्या एसीचा रिमोट मात्र पाणी उतरल्याच्या दुसऱ्या दिवशी का दाबला जातो? "भिंती वल्ल्या हायत, जरा वाळू देत," म्हणून. २०२१ नंतर हे मी कितीतरी घरांत बघितलं.

त्यात काय होतं ते नीट समजून घ्या. गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून जसं पाणी सुटतं, तसं एसीच्या आतल्या गार कॉईलवर खोलीतल्या हवेतलं पाणी सुटतं. ते खालच्या तबकात पडतं आणि नळीनं बाहेर जातं. म्हणजे एसी जेवढी हवा गार करतो, तेवढाच हवेतली ओल गाळतो. पावसाळ्यात आपल्याकडं हवा आधीच दमट, त्यात पुराचं पाणी प्यालेल्या भिंती. त्या ओलीवर धूळ बसली की चिखल, आणि चिखलावर बुरशी.

द्राक्षवाल्यांना हे जास्त सांगायची गरज नाही. पान ओलं राहिलं की डाऊनी आलीच. घरातली बुरशी ही वेगळी जात, पण कायदा तोच. ओल, थोडी ऊब आणि खायला धूळ मिळाली की एक-दोन दिवसांत ती धरते. एसीच्या आत लांबट पिंजऱ्यासारखा पंखा असतो. तो फिरायला लागला की त्याच्यावरची बुरशी खोलीभर उडते. बागेत ब्लोअरनं औषध मारतो ना आपण, अगदी तसंच, फक्त इथं झाडाच्या जागी आपली म्हातारी आई आणि लहान पोरं झोपलेली असतात. ज्यांना दमा आहे त्यांना उबळ येते, बाकीच्यांना शिंका, खोकला, डोळ्यांची खाज. आपण म्हणतो पुरानंतरची साथ आहे. साथ असेलही. पण एसी लावल्यावर पहिल्या मिनिटाला कुबट वास येत असेल, तर आधी त्या खोक्यात बघा.

आता गॅसची गोष्ट. मेकॅनिक येतो, झाकण काढतो, जाळी झटकतो, नळीला मीटर लावतो आणि म्हणतो, "गॅस कमी हाय, भरावा लागंल." नीट लक्षात ठेवा, एसीतला गॅस डिझेलसारखा जळून संपत नाही. तो बंद नळीत फिरत असतो. कमी झाला असेल तर कुठंतरी गळती आहे. गळती शोधून बंद न करता गॅस भरणं म्हणजे फुटलेल्या पाइपलाईनला जोड न मारता मोटर चालू ठेवणं. आणि पुष्कळदा गॅस कमी नसतोच, गाळानं कॉईल बुजलेली असते म्हणून गारवा येत नाही. पुरानंतर अशा माणसांचा सुळसुळाट होतो, कारण घाईत असलेलं घर पटकन पैसे देतं. त्याला सरळ विचारा, "गळती कुठं हाय ते दाखव." खरा कारागीर साबणाचा फेस लावून बुडबुडा दाखवतो. दुसरा पिशवी उचलतो.

मग खरं धुणं कसं असतं? हे माहीत असलं की फसवणूक होत नाही.

पहिलं काम विजेचं. रिमोटनं बंद केलेला एसी बंद नसतो, एमसीबी पाडावा लागतो. घरात पाणी शिरलं असेल तर आधी वायरमनकडून बोर्ड, वायरिंग आणि अर्थिंग तपासून घ्या. त्याआधी कुठलंच यंत्र नको.

आतलं युनिट धुताना नुसती जाळी धुणं म्हणजे तोंडाला पाणी लावून आंघोळ झाली म्हणण्यासारखं आहे. झाकण निघालं पाहिजे, सर्किटवर प्लास्टिक बांधलं पाहिजे, कॉईल, तो पिंजऱ्याचा पंखा, खालचं तबक आणि पाण्याची नळी या चारही जागा धुतल्या गेल्या पाहिजेत. शेवटी तबकात तांब्याभर पाणी ओतून बघायचं. नळीतून सरळ बाहेर पडलं तर काम झालं, भिंतीवर ओघळलं तर नाही झालं. कॉईलला सौम्य साबणाचं पाणी पुरतं. अ‍ॅसिड मारणारा भेटला तर थांबवा, त्यानं अ‍ॅल्युमिनियमची पाती खाल्ली जातात. ब्लीचिंग पावडर फरशीला, मोरीला ठीक आहे, कॉईलला नाही. आणि ब्लीचिंग व अ‍ॅसिड एकत्र तर कधीच नको, त्यातून विषारी वायू निघतो.

बाहेरचं युनिट बुडालं असेल तर गाळ ओला आहे तोवर धुणं सगळ्यात सोपं. वाळला की तो पात्यांत सिमेंटसारखा बसतो. मग उष्णता बाहेर पडत नाही, कॉम्प्रेसरवर ताण येतो आणि बिल वाढतं. कॉम्प्रेसर स्वतः बंद डब्यात असतो, त्यामुळं बुडाला म्हणजे मेलाच असं नाही. पण त्याची टर्मिनल, कपॅसिटर, पंख्याची मोटर आणि सर्किट यांत पाणी जातं. ते उघडून, वाळवून, तपासूनच जोडायचं. कपॅसिटर वीज बंद केल्यावरही झटका देऊ शकतो, म्हणून तिथं आपला पान्हा घालायचा नाही. तांब्याच्या नळीवरची काळी फोमची खोळ पुराचं पाणी प्यालेली असेल तर धुऊन भागत नाही, बदलावी लागते. आणि आतल्या युनिटपर्यंत म्हणजे सहा-सात फुटांवर पाणी चढलं असेल, तर दुरुस्तीचा खर्च आणि नव्याची किंमत शेजारी ठेवून बघा. पुष्कळदा सोडून दिलेलंच बरं.

आता आपल्या पोरांची एक हुशारी. फवारणीचा एचटीपी पंप आणायचा आणि त्यानं एसी धुवायचा. दोन कारणांनी हे बंद करा. त्या दाबानं पाती वाकतात आणि हवेची वाट बंद होते. दुसरं म्हणजे त्या पंपात आणि पाइपात कालपर्यंत कीटकनाशक होतं. तेच झोपायच्या खोलीत मारायचं का?

कूलरचं सोपं आहे. गवताच्या जाळ्या पुराच्या पाण्यात भिजल्या तर टाकून द्या, त्या धुऊन स्वच्छ होत नाहीत. टाकी घासून, उन्हात वाळवून ठेवा. पाणी साठून राहिलं तर डेंग्यूचा डास तिथंच अंडी घालतो. हे सगळं घरचं घरी होतं. फक्त हातात मोजे आणि पायात गमबूट घाला, पुराच्या गाळात लेप्टोची भीती असते.

गिझरचं मात्र गंभीर आहे, विशेषतः गॅस गिझरचं. बर्नरमध्ये गाळ बसला की गॅस नीट जळत नाही. ज्योत निळी असायची ती पिवळी होते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. बंद मोरीत माणूस आंघोळ करताकरता बेशुद्ध पडतो, पुढं जीवही जातो. म्हणून पुरात भिजलेला गॅस गिझर बर्नर साफ केल्याशिवाय पेटवू नका, आणि तो मोरीच्या बाहेर मोकळ्या हवेतच बसवा. विजेच्या गिझरचा थर्मोस्टॅट आणि अर्थिंग तपासून घ्या.

हे सगळं वाचून कुणी दर महिन्याला मेकॅनिक बोलवायला लागला तर तेही बरोबर नाही. ज्याच्या घरात पाणी आलं नाही, वास नाही, काळे डाग नाहीत, नळी वाहती आहे, त्यानं दोन-तीन आठवड्यांनी जाळी स्वतः धुवावी. पूर्ण धुणं उन्हाळा सुरू व्हायच्या आधी एकदा करून घेतलं की घराला पुरतं. टॉर्च लावून पंख्यावर काळे ठिपके दिसतात का तेवढं बघत जा. आणि एसी एकदा स्वच्छ झाला की पुरानंतर त्याचा उपयोगच आहे. दारं-खिडक्या लावून ड्राय मोडवर ठेवला तर खोलीतली ओल तो बाहेर काढतो. क्रम तेवढा चुकवू नका, आधी धुणं, मग वाळवणं.

पण माझं खरं म्हणणं पुराच्या आधीचं आहे. इशाऱ्याची पातळी आली की आपण रात्री-अपरात्री नदीवरच्या मोटारी काढतो. जनावरं हलवतो. मग बाहेरचं युनिट काढायला काय हरकत आहे? जाणकार मेकॅनिक सगळा गॅस बाहेरच्या युनिटमध्ये ओढून व्हॉल्व्ह बंद करतो. त्याला पंप डाउन म्हणतात. मग नळ्या सोडून युनिट माळ्यावर. हे काम घरच्या माणसानं करायचं नाही, नव्या एसीतला आर ३२ गॅस थोडा ज्वलनशीलही असतो. आणि जे आत्ता नवीन बसवताहेत त्यांनी २०२१ ची पाणीरेषा भिंतीवर शोधावी आणि युनिट तिच्या वर टांगावं. ब्रॅकेटला थोडे पैसे जास्त जातील, जाऊ देत.

अडचण माणसांची आहे. पूर ओसरला की दोन जिल्ह्यांचे मेकॅनिक एकाच आठवड्यात सगळ्यांना हवे असतात. मग जो मिळेल तो, जे मागेल ते. यावर उपाय गावानं आत्ताच करायचा. ग्रामपंचायत ब्लीचिंग पावडरची आणि धुरळणीची तयारी ठेवते, तशीच दूध संस्थेनं किंवा सोसायटीनं दोन-तीन खात्रीच्या मेकॅनिकांशी बोलून ठेवावं. गल्लीतली दहा घरं एकदम दिली तर दरही ठरवून मिळतो. पूर्ण धुण्यात कुठली कामं येतात ते कागदावर लिहून संस्थेच्या फळ्यावर लावायचं. आयटीआयमध्ये रेफ्रिजरेशन आणि एअर कंडिशनिंगचा ट्रेड आहे. आपल्या गावातली दोन पोरं तो शिकली तर त्यांना बारमाही काम आहे आणि गावाला हक्काची माणसं. वायंडिंगवाला गावात असतोच ना, तसाच हा.

बुडालेल्यांसाठी एक शेवटचं: धुण्याआधी यंत्राचे आणि त्याच्या नंबरच्या पट्टीचे फोटो काढून ठेवा. पंचनाम्याला लागतात, विमा असेल तर त्यालाही.

अलमट्टी की कोयना हा वाद चालूच राहील, तो आपल्या हातात नाही. मोटर वर काढणं आपल्या हातात होतं म्हणून आपण ते शिकलो. बाहेरचं युनिट किती उंचीवर आहे ते आज संध्याकाळी टेप लावून बघा. पाणी यायला अजून वेळ आहे, तेवढ्यात एक फोन होतो.