लघवीची तपासणी फक्त गरोदरपणातच का?

आपल्याकडे बाईची लघवी तपासली जाते ती बहुधा तिला दिवस गेले म्हणजेच. पोटातले मूल सुखरूप राहावे म्हणून तिचे रक्त, लघवी, रक्तदाब सारे पाहिले जाते, आणि ते योग्यच आहे. पण बाळंतपण उरकले की तिच्या मूत्रपिंडांची आठवण कुणालाच राहत नाही, अगदी तिला स्वतःलाही नाही.

हे लिहायला कारण आहे ल्यूपस. या आजारात आपले रक्षण करणारी प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटते. सांधे दुखतात, केस गळतात, बारीक ताप येतो, उन्हात गेल्यावर चेहऱ्यावर चट्टे उठतात. पुष्कळ जणींच्या मूत्रपिंडांनाही इजा होते. ल्यूपसच्या दर 10 रुग्णांमागे सुमारे 9 स्त्रिया असतात, त्याही बहुतेक 15 ते 45 वयाच्या. म्हणजे शिकण्याच्या, लग्नाच्या, मुले होण्याच्या आणि राबण्याच्या वयातल्या.

कट्टा परिसरात काम करताना मी बायकांना सुजलेल्या पायांबद्दल विचारते, तेव्हा ठरलेले उत्तर येते, "कामान दमलंय गो बाय, दुसरा काय!" लावणीला दिवसभर चिखलात उभी, घरी आल्यावर चूल, गुरे, सासू-सासरे; नवरा मुंबईला. मग पाय सुजले तर नवल कसले? सांधे दुखले की वात, चेहऱ्यावर डाग आले की वांग, आणि उतार पडला नाही की देवाला गाऱ्हाणे. थकणे हा बाईचा स्वभावच आहे असे एकदा ठरले की आजार कितीही दिवस लपून राहू शकतो.

या आजारात मूत्रपिंड सहसा दुखत नाही, हीच अडचण आहे. सकाळी डोळ्यांभोवती सूज, लघवीला न विरणारा फेस, तांबूस लघवी, तरुण वयात वाढलेला रक्तदाब या खुणा ओळखायला हव्यात. लघवीत प्रथिने किंवा रक्त आहे का, हे एका स्वस्त पट्टीवर काही मिनिटांत कळते. तसे आढळले तर क्रिएटिनिन, एएनए, डीएसडीएनए, सी-3, सी-4 या रक्ततपासण्या करतात. आजार कोणत्या टप्प्यावर आहे ते बायोप्सीने समजते. त्यात सुईने मूत्रपिंडाचा धाग्याएवढा तुकडा घेतात. 'किडनी काढून घेतात' ही भीती खोटी आहे.

वेळेवर उपचार झाले तर बहुतेक जणींची मूत्रपिंडे वाचवता येतात. स्टेरॉइड, हायड्रॉक्सीक्लोरोक्विन, आणि सोबत मायकोफेनोलेट किंवा सायक्लोफॉस्फामाइड अशी औषधे दीर्घकाळ चालतात. स्टेरॉइडने चेहरा फुगतो. लग्नाचे बघताना हे दिसू नये म्हणून गोळ्या बंद केल्या जातात, आणि अचानक बंद करणे फार धोक्याचे असते. सायक्लोफॉस्फामाइडने पाळी कायमची जाऊ शकते. मायकोफेनोलेट चालू असताना दिवस राहिले तर गर्भात व्यंग येऊ शकते. म्हणून तेव्हा गर्भनिरोधन हवेच. मात्र आजार किमान सहा महिने शांत असेल, तर औषधे बदलून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली आई होता येते. हे सारे नवऱ्याला किंवा सासूला सांगून भागणार नाही. शरीर तिचे आहे, तिलाच समजावून सांगितले पाहिजे आणि तिचेच मत विचारले पाहिजे.

मूत्रपिंडे निकामी झाल्यावर काय होते तेही पाहा. 1995 ते 2021 या काळात देशात 36,640 अवयव प्रत्यारोपणे झाली. त्यांपैकी 29,000 हून अधिक पुरुषांची होती, स्त्रियांची फक्त 6,945. जिवंतपणी अवयव देणाऱ्यांमध्ये मात्र स्त्रियाच जास्त! देताना ती पुढे, घेताना मागे.

आपल्या भागातल्या बाईला मूत्रपिंडतज्ज्ञासाठी बांबोळी, कोल्हापूर नाहीतर मुंबई गाठावी लागते. एक दिवसाची मजुरी, गाडीभाडे आणि सोबतीला कुणीतरी, एवढे जमले तर. महात्मा फुले जन आरोग्य योजनेचा आधार मुख्यतः रुग्णालयात भरती झाल्यावर मिळतो. वर्षानुवर्षे लागणाऱ्या गोळ्यांचे काय?

म्हणून आपली मागणी साधी आहे. गरोदर असो वा नसो, सूज, सांधेदुखी किंवा रक्तदाबाची तक्रार घेऊन आलेल्या प्रत्येक बाईची लघवी प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासली जावी, आणि या औषधांचा पुरवठा जिल्ह्यातच नियमित व्हावा. महिला मंडळाच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्या, ग्रामसभेत ठराव मांडा. आणि त्याआधी, मैत्रिणींनो, स्वतःची लघवी एकदा तपासून घ्या.