नाला ओसरेपर्यंत

पावसात भिजत चालायला कुणाकुणाला आवडतं? सगळ्यांचे हात वर! पण किती वेळ? तासभर? आता अशी कल्पना करा, की दोन दिवस चालायचंय, पाऊस थांबायचं नाव घेत नाही, वाटेत नाले आडवे येताहेत. आणि हे सारं सहलीसाठी नाही बरं का, घरातलं माणूस तापानं फणफणलंय म्हणून!

ही गोष्ट भामरागडची. महाराष्ट्राच्या नकाशात अगदी उजवीकडे, छत्तीसगडला खेटून हा तालुका सापडेल. (नकाशा काढाच. मी थांबतो.) जवळच हेमलकसा इथं २३ डिसेंबर १९७३ रोजी बाबा आमट्यांनी लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. पाठोपाठ डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे तिथं राहायला गेले. तेव्हा गडचिरोली जिल्हासुद्धा नव्हता. तो १९८२ मध्ये चंद्रपुरातून वेगळा झाला. धड रस्ता नाही, वीज नाही, पावसाळ्यात तर जगाशी संबंधच तुटलेला. तरी माडिया लोक दूरदूरच्या पाड्यांवरून दवाखान्यात यायचे. कसे? पायी! आजाऱ्याला खाटेवर निजवायचं, खाट बांबूला बांधायची, बांबू खांद्यावर घ्यायचा. झाली कावड.

खरी परीक्षा असायची पाण्याची. भामरागडला पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या तीन नद्या भेटतात. इंद्रावती येते थेट ओडिशातून. तिकडे धो-धो पाऊस झाला, की ती भरून वाहते. मग बाकीच्या दोघींच्या पाण्याला पुढं जायला जागाच उरत नाही. मोरी तुंबल्यावर न्हाणीघरात होतं ना, तसं पाणी मागं फुगतं. डोक्यावर लख्ख ऊन आणि समोर पूर! म्हणून आभाळाकडे बघून नदीत उतरायचं नसतं.

आणि ‘गुडघाभरच तर आहे’ असंही म्हणायचं नाही. पाण्याचा वेग दुप्पट झाला, तर त्याचा धक्का चौपट होतो. गढूळ पाण्यात पुढचा खड्डाही दिसत नाही. मग करायचं काय? थांबायचं. कावडीवर आपलंच पोर कण्हत असताना काठावर बसून राहायचं! मला तर वाटतं, चालण्यापेक्षा हे कितीतरी अवघड.

तुम्ही पावसाळ्यात गडावर जाल, तेव्हा एवढं सांभाळा. (आई-बाबा, हे तुम्हीही वाचा.) कपड्यांचा एक जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवा आणि तो फक्त झोपताना घाला. पाणी अंगातली ऊब हवेपेक्षा कितीतरी वेगानं ओढून नेतं. ओल्या कपड्यात रात्र काढली, तर माणूस गारठून आजारी पडतो. सकाळी मात्र तोच ओला शर्ट पुन्हा अंगात. ई ग्गं! हो, पण कोरडा जोड रात्रीसाठी वाचतो. विजा चमकत असतील, तर एकट्या उंच झाडाखाली उभं राहू नका.

आणि नाला आडवा आलाच, तर पाण्याच्या अगदी कडेला एक काडी रोवा. बॅगेतले शेंगदाणे काढा, खात बसा. अर्ध्या तासानं बघा. काडी पाण्यात बुडत चालली, तर पाणी चढतंय. मुकाट्यानं मागं फिरा. पाणी काडीपासून हातभर दूर गेलं असेल, तर ते ओसरतंय. मग आणखी थोडे शेंगदाणे!