गाळणी हवी, पण तपासलेली

मुलांना इंटरनेट द्यावे आणि त्यातील घाण अडवावी, याविषयी दुमत नाही. प्रश्न आहे तो गाळणीच्या छिद्रांचा. अमेरिकेने २००० साली कायदा करून, इंटरनेटसाठी सरकारी साहाय्य घेणाऱ्या शाळा व ग्रंथालयांना अश्लील चित्रे अडविणारी यंत्रणा सक्तीची केली. २००३ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा वैध ठरविला. मात्र शब्द पाहून अडविणाऱ्या यंत्रणा स्तनाच्या कर्करोगाची माहितीही रोखतात, हे तोवर उघड झाले होते. आपल्याकडे सीबीएसईनेही २०१७ मध्ये शाळांना अशी गाळणी बसविण्यास सांगितले.

डॉक्टर म्हणून माझी चिंता याच ठिकाणी सुरू होते. मासिक पाळी, गर्भाशय, लैंगिक अत्याचार हे शब्दच वर्ज्य ठरले, तर पीडित मुलाने आपले दुःख कोणत्या शब्दांत शोधावे? २०१२ च्या पॉक्सो कायद्याने अत्याचाराची माहिती पोलिसांना कळविणे आपणा सर्वांवर बंधनकारक केले आहे. पण मूल बोललेच नाही, तर आपण कळविणार काय?

म्हणून माझे आग्रहाचे सांगणे असे की, कमठाण्यासारख्या गावी, जेथे घरात मराठी, शाळेत कन्नड आणि संगणकावर इंग्रजी अशा तीन भाषा मुलाच्या वाट्याला येतात, तेथे काय अडते व काय सुटते, हे डॉक्टर व शिक्षकांनी मिळून तिन्ही भाषांत दरवर्षी तपासावे. १०९८ हा बालमदत क्रमांकही प्रत्येक संगणकाशेजारी ठळक लिहावा. मुलांच्या रक्षणाचे काम केवळ यंत्रावर सोपवून आपण मोकळे होऊ शकत नाही.