हे व्रत नव्हे, आजार

“आमची पोर उपास फार करते हो,” असं कौतुकानं सांगणाऱ्या आया भेटतात. पण पारण्यालाही घास घशाखाली उतरत नसेल, वजन मात्र उतरत असेल, पाळी थांबली असेल, तर ते व्रत नव्हे, आजार आहे. रागावून, शपथा घालून तो जात नाही.

लंडनच्या मॉडस्ली रुग्णालयात १९८०च्या दशकात अशा मुलामुलींसाठी एक पद्धत विकसित झाली. त्यात आईवडिलांना दोष देत नाहीत, उपचारात सामील करून घेतात. सुरुवातीला काय, किती खायचं ते घरचे ठरवतात, शेजारी बसून खायला लावतात. वजन सावरलं की हा कारभार हळूहळू मुलीकडे सोपवतात. याला महिने लागतात. आधी डॉक्टरी तपासणी मात्र हवीच. फार उपाशी शरीराला एकदम भरपूर अन्न दिलं, तर रक्तातले क्षार बिघडून जिवावर बेतू शकतं.

मैत्रिणींनो, “जाड झालीस, लग्न कसं जमणार?” हे बोलणं ताटापाशी नकोच. गावात मानसोपचारतज्ज्ञ नसतील, तर सरकारच्या ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा क्रमांक फिरवा. टायफॉइड आपण लपवत नाही, मग हाच आजार का लपवायचा?