डाख

दिवाळीची झाडलोट गृहिणींच्या लेखी साफसफाई असेल. नवऱ्यांच्या लेखी ती जप्तीच असते. सावंगीच्या आमच्या घरी यंदा जप्तीची पहिली नजर गेली ती माझ्या जुन्या स्कॅनरवर.

“अहो, याचा दिवासुद्धा धड लागत नाही. द्या भंगारात!” सौ. म्हणाली.

तिचेही चूक नव्हते. पाटीसारखा पातळ असा नवा स्कॅनर घरात होताच. पण आईच्या वहीपुढे तो हात टेकी. कागद काचेला चिकटला तरच त्याला नीट दिसे; शिवणीजवळ पान उचलले गेले की अक्षरे पुसट. जुन्याच्या पोटात आरसे आणि भिंग, त्यामुळे काचेपासून जरा दूरचेही तो वाचतो. आई गेल्यावर उरलेली ही ओव्यांची आणि हिशेबाची वही जाड दोऱ्याने शिवलेली. ती उसवायला हात होईना. आणि भाऊबीजेला ताईला प्रत द्यायचे तर कबूल करून बसलो होतो.

शेवटी यंत्र काखोटीला मारून वर्धा गाठले. रेडिओ दुरुस्त करण्यात हयात गेलेल्या एका कारागिराने झाकण उघडून ते चालू केले. दिवा लागला, गाडा सरकताच विझला.

“ट्यूब नाही गेली जी, सर. गाडा हलला का विझते, म्हणजे तार सुटली.”

मी बोट पुढे केले, तसे त्यांनी ते बाजूला सारले. ही पेन्सिलीहून बारीक नळी. तिच्यात तापणारी तार नसते, म्हणून तिला कित्येकशे व्होल्ट लागतात. शिवाय आत पारा. फोडून चालायचे नाही. प्लग काढून, थोडे थांबून त्यांनी टोकाची रबरी टोपी सरकवली. खाली डाख तडकलेला. नवा डाख दिला, काम झाले.

घरी दिवा आधी गुलाबीसर, मग पांढरा झाला. वही पालथी घातली. पडद्यावर पान आले, आणि शिवणीच्या घडीत, आजवर कधी न दिसलेली पेन्सिलीची ओळ: ‘कॉलेजची फी. एक पाटली मोडली.’

पाटली पवनारला धाम नदीत पडली, असे तिने आम्हांला सांगितले होते. त्या वेंधळेपणावरून मी तिला कितीदा चिडवले असेन!

सौ.ने ती ओळ वाचली. मग काही न बोलता पदराने स्कॅनरची काच पुसली आणि म्हणाली, “राहू द्या इथंच.”