राखेचा भार कोणी वाहावा?

परळी वैजनाथच्या औष्णिक विद्युत केंद्रात 250 मेगावॅटचे तीन संच आहेत. भारतीय कोळशात राखेचे प्रमाण साधारणतः एक-तृतीयांशाच्या आसपास असते. तीन गाड्या कोळसा जळाला की एक गाडी राख उरते. दुसरीकडे, मराठवाड्यातील वीटभट्ट्या शेताच्या वरच्या थरातील माती वापरतात. जो थर साचायला शतके लागली, तो एका हंगामात भाजून निघतो. एकाला राख नकोशी, दुसऱ्याला कच्चा माल हवा. तरीही हा व्यवहार आपोआप जुळत नाही. राख जड आणि स्वस्त असल्यामुळे थोड्याच अंतरावर गाडीभाडे मालाच्या किमतीपुढे जाते. मातीची हानी मात्र भट्टीच्या हिशेबात कोठेच मांडली जात नाही.

डेन्मार्कमधील कालुंडबोर्ग येथे 1970 च्या दशकापासून कारखान्यांनी परस्परांची वाफ, पाणी आणि टाकाऊ द्रव्ये वापरण्याचे करार स्वखुशीने केले. परंतु तेथे कारखान्यांमध्ये नळ टाकता येतो. परळीची राख खेडोपाडी विखुरलेल्या भट्ट्यांना पोचवायची, तर शासनाला मध्ये पडणे भाग आहे.

शासन मध्ये पडलेही. केंद्राच्या 1999 च्या अधिसूचनेने वीजकेंद्रापासून 50 किलोमीटरच्या आतील भट्ट्यांना मातीत किमान 25 टक्के राख मिसळण्याचे बंधन घातले. जिंतूर तालुक्यातील बोरी या कक्षेबाहेर होती. 2003 मध्ये मर्यादा 100 किलोमीटर झाली, तेव्हा ती आत आली. मात्र अंतराची रेघ वाढविल्याने गाडीभाडे कमी होत नाही. खरा बदल 2016 चा. 100 किलोमीटरपर्यंतचा वाहतूकखर्च वीजकेंद्राने सोसावा आणि त्यापुढे 300 किलोमीटरपर्यंत तो निम्मा-निम्मा वाटावा, असे ठरले. 2021 च्या अधिसूचनेने न वापरलेल्या राखेवर टनामागे 1000 रुपयांची भरपाई लावली. राख साठवून ठेवणे महाग झाले, की ती देऊन टाकण्यात शहाणपण दिसू लागते.

वीजकेंद्राचा खर्च शेवटी ग्राहकाच्या बिलात येईल, हा आक्षेप खोटा नाही. परंतु राखेच्या तळ्याचा आणि उडणाऱ्या धुळीचा खर्च आजही कोणीतरी भरतोच. तो भरणारा वीज वापरणारा नसून शेजारचा शेतकरी असतो.

धोका वेगळाच आहे. कोरड्या राखेला सिमेंट कारखान्यांचीही मागणी असते, आणि मोठ्या खरेदीदारापुढे खेड्यातील वीटवाला टिकत नाही. 2009 मध्ये अशा लहान उत्पादकांसाठी 20 टक्के कोरडी राख विनामूल्य व अग्रक्रमाने देण्याची तरतूद झाली होती. त्या तत्त्वाची आज अधिक गरज आहे. माती उपसण्याचा परवाना देताना महसूल खात्याने राखेच्या वापराचा हिशेब मागावा, आणि शाळा-अंगणवाड्यांची बांधकामे राखेच्या विटांनी व्हावीत. दिल्लीच्या अधिसूचनेचा अर्थ बोरीच्या भट्टीवर उतरला, तरच शेतातील माती शेतात राहील.