भिंत पाडण्यापूर्वी

घरात लग्न ठरले की घराची डागडुजी निघते. नव्या सुनेसाठी खोली वाढवावी, दोघा भावांचे लगतचे फ्लॅट एक करावेत, मालासाठी दुकानातील माळा वाढवावा, असे बेत व्यापारी कुटुंबांत सहज ठरतात. मिस्त्री ठरतो, मजुरी ठरते. परवानगीचा प्रश्न मात्र बहुधा महानगरपालिकेची नोटीस दारी आल्यावरच सुचतो.

खर्च मोठा असेल तरच परवानगी लागते, असा एक समज आढळतो. कायदा खर्चाकडे पाहत नाही. मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ च्या कलम ३४२ नुसार गिलावा, रंगकाम, फरशी बदलणे, न्हाणीघराची दुरुस्ती, नळ व विजेची जोडणी बदलणे, त्याच साहित्याचे छप्पर पुन्हा घालणे ही साधी दुरुस्ती होय. तिची पूर्वसूचना द्यावी लागत नाही. दिवाणखान्यात लाखोंचा संगमरवर बसविला तरी तो फरशीतच मोडतो. (त्याचे वजन स्लॅबला पेलेल का, हे अभियंत्याला विचारलेले बरे.) परंतु वास्तूची मापे बदलली, भार पेलणारी भिंत वा खांब हलविला, जोते खाली नेले, माळा नव्याने घातला किंवा वाढविला, की ती दुरुस्ती राहत नाही. माळ्याचा उल्लेख कलमात स्पष्ट आहे, हे दुकानदारांनी विशेष ध्यानात घ्यावे.

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ राज्यभर लागू आहे. त्यात केवळ अंतर्भागापुरत्या बदलांना सूट आहे. वारसा वास्तूंना ती नाही. मात्र वापरातील मोठा बदलही या कायद्याने ‘विकास’ ठरतो. राहत्या घराच्या पुढच्या खोलीत दुकान थाटले, तर एक वीट न हलविताही परवानगीचा प्रश्न उभा राहतो. विनापरवाना बांधकाम पाडण्याचा अधिकार प्रशासनाला आहे आणि त्याचा खर्च मालकाकडूनच वसूल होतो.

सोसायटीचे संमतिपत्र मिळाले म्हणजे सारे झाले, ही आणखी एक समजूत. ते संमतिपत्र हवेच, पण ते महानगरपालिकेच्या परवानगीची जागा घेत नाही.

२५ जुलै २०१७ रोजी घाटकोपरमध्ये चार मजली निवासी इमारत कोसळून १७ जण दगावले. तळमजल्यावरील नूतनीकरणात इमारतीच्या आधारालाच धक्का लावल्याचा आरोप तेव्हा झाला. खालच्या मजल्यावरील एका मालकाच्या सोयीची किंमत वरच्या बिऱ्हाडांना मोजावी लागू शकते. म्हणूनच ‘घर माझे, भिंत माझी’ हा युक्तिवाद इमारतीत टिकत नाही.

कोणती भिंत भार पेलते, हे मिस्त्री हाताने ठोकून सांगतो. त्यावर विसंबू नये. कित्येक जुन्या इमारतींत खांब नसतातच. भिंतीच छत तोलून धरतात. मंजूर नकाशाची प्रत मिळवून ती स्ट्रक्चरल अभियंत्याला दाखवावी आणि त्याचे मत लेखी घ्यावे. मिस्त्रीला इसार त्यानंतर द्यावा.